समोरच्यापेक्षा पाच कमी

वेन बाईंनी आ-लियानच्या गाळ्यावरून कोबीचा गड्डा घेतला, नाळीच्या भाजीच्या दोन जुड्या घेतल्या, पैसे दिले आणि चार पावलांची गल्ली ओलांडून त्या समोर गिम मावशीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. तिथे त्यांनी एक बटाटा उचलला. एकच. गिम मावशीने तो तराजूत ठेवला, वीस युआन सांगितले, आणि वेन बाईंनी पिशवीचं तोंड रुंद करून धरलं. मावशीचा हात मागच्या टोपलीत गेला आणि कांद्याच्या पातीच्या चार काड्या घेऊन आला. त्या मध्ये दुमडून तिने पिशवीत खोचल्या. वर एक लाल मिरची टाकली.

पिशवीत तळाशी आ-लियानचा कोबी होता.

"वेन बाई," आ-लियान गल्लीच्या अलीकडून म्हणाली, "तसाच बटाटा माझ्याकडे पंधराला आहे."

"माहीत आहे." वेन बाईंनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. पेन्शनीत निघाल्यावरही त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे. "पण तुझ्या बटाट्यावर पात मिळत नाही ना."

पलीकडे माशाचे गोळे तळणारा आ-तू झारा कढईच्या काठावर आपटून हसला.

"पाच महिने झाले, आ-लियान. आता तरी पाटी खाली घे."

पाटी काळ्या रंगाची होती आणि तिच्यावर खडूने लिहिलेलं होतं: समोरच्यापेक्षा प्रत्येक वस्तू पाच युआन कमी. पात मिळणार नाही.

गाळा लावला त्या दिवशी आ-लियानने हे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्याआधी बारा वर्षं तिने एका डबेवाल्या खानावळीत भाजी चिरली होती. भाजी कितीला येते, किती वाया जाते, कितीला जाते, हे तिला सुरीच्या बाजूने ठाऊक होतं. खानावळ बंद झाली तेव्हा तिने कीलुंगच्या देवळामागच्या या सकाळच्या बाजारात गाळा धरला. हिशेब सरळ होता. सगळे भाजीवाले गिऱ्हाइकाला वर पात देतात. त्या पातीला साधारण पाच युआन पडतात आणि ते भाजीच्या भावातच धरलेले असतात. मग ज्याला पात नको, त्याने ते का द्यावेत?

"पातीचे पैसे कोण देतं गं?" पहिल्याच दिवशी आ-तूने विचारलं होतं. "पात वर असते."

"वर म्हणजे कुठून? आभाळातून पडते? मी सान्शिंगची आहे. ती लावताना कंबर कशी मोडते ते मला विचार."

"तुला विचारून काय करू? गिऱ्हाइकाला सांगून बघ."

गिऱ्हाइकांनी ऐकून घेतलं. त्यांना ते पटलंही. ती आ-लियानकडून कोबी, दुधी, कारली पाच-पाच युआन कमी देऊन घेत आणि मग समोर जाऊन एक बटाटा, नाहीतर आल्याचा तुकडा घेऊन पिशवी उघडून धरत. आपण फार शहाणपणा केला, असं प्रत्येकाला वाटे. पण रोजची मोठी खरेदी, सणाची, पाहुण्यांची, ती गिम मावशीकडेच होत असे. आ-लियानसमोर तीन माणसं एकदम उभी आहेत, असं पाच महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

गिम मावशी बहात्तर वर्षांची होती आणि त्यांतली चव्वेचाळीस तिने त्याच फळीमागे काढली होती. तिला अंकांपलीकडे लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने कुणाला तरी समोरची पाटी वाचून दाखवायला लावली, ऐकली आणि म्हणाली, "पात नाही? बरं." त्यानंतर ती आ-लियानशी एक शब्द बोलली नव्हती. इतरांशी बोलताना तिचा उल्लेख 'समोरची' असा करी. "समोरचीकडे कारली चांगली आलीत हो आज," असंही ती गिऱ्हाइकाला सांगे, आणि ते खरंच असे.

गाळा श्ये आजोबांचा होता. त्यांनी तिथे पन्नास वर्षं डुकराचं मटण विकलं होतं. छताला त्यांचे लोखंडी हुक अजून तसेच होते आणि आ-लियान त्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे अडकवत असे. गाळा देताना त्यांनी मुदत घातली होती, मध्य-शरदाच्या पौर्णिमेपर्यंतची.

"बाजाराने तुला ठेवून घेतलं तर मी ठेवतो," ते म्हणाले होते. "नाहीतर एक मोबाइलच्या कव्हरवाला मागे लागलाय. त्याला हुक काढून दिवे लावायचेत."

"बाजाराने ठेवून घेतलं, हे कसं कळणार?"

"रांग दिसली की कळतं. मटणाला असायची ना, तशी."

गाळा गेला तर तिला सान्शिंगला परतावं लागणार होतं. भावाच्या शेतात, वहिनीच्या हाताखाली, वाकून पात लावायला. पौर्णिमेला तेवीस दिवस उरले होते.

त्या दिवशी वेन बाई गेल्यावर आ-लियान समोर बघत राहिली. मे महिन्यात मावशी सहा काड्या देत असे. जुलैच्या पावसानंतर पाच झाल्या. आज चार होत्या, आणि बारीक. पुढच्या आठवड्यात त्या तीन झाल्या. मावशीचा हात टोपलीत पूर्वीपेक्षा क्षणभर जास्त रेंगाळू लागला होता. एक बटाटा घेणाऱ्याला आणि सहा भाज्या घेणाऱ्याला ती सारखीच पात देत होती. बटाटेवाले रोज वाढत होते, आणि ते सगळे आ-लियानकडून आलेले असत.

तेव्हा आ-लियानच्या पहिल्यांदा लक्षात आलं की आपली पाटी समोरच्या टोपलीतली पात संपवते आहे. तिने हे ठरवून केलेलं नव्हतं. पण आता दिसलं ते न दिसल्यासारखं करणंही तिच्या स्वभावात नव्हतं.

वादळाची बातमी बुधवारी आली. टीव्हीवरच्या नकाशात त्याच्या संभाव्य वाटा पंख्यासारख्या पसरल्या होत्या. बहुतेक जपानकडे वळत होत्या. एकच थेट यीलानच्या किनाऱ्यावर, सान्शिंगच्या दिशेने येत होती. आ-लियानने दुपारी गाळा आवरता आवरता भावाला फोन लावला.

"दादा, आपली पात किती झालीय?"

"अजून तीन आठवडे तरी. काडी करंगळीएवढीही नाही."

"उपट."

"काय?"

"सगळी उपट. परवापर्यंत. धुऊन, बांधून थंड्या खोलीत टाक."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? वादळ जपानकडे वळतंय म्हणतात."

"गेल्या खेपेलाही वळणारच होतं. पंधरा दिवस शेतात पाणी होतं. पात कुजल्याचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही."

मागून वहिनीचा आवाज आला. ती नेहमी फोनला ऐकू जाईल अशा बेताने मागे बोलत असे. "विचारा तिला, वळलं तर कच्ची पात कोण घेणार? ती घेणार का?"

"वहिनीला सांग, मी घेणार. वादळ वळलं तर मी गाळा सोडते आणि पुढची सगळी लागवड मी करून देते. रोपं, पेंढा, खत, सगळं. मजुरी नको."

फोनमधून पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. भाऊ पात धुण्याच्या हौदावर बसलेला असणार.

"लावणी नको म्हणून तर तू घर सोडलंस, लियान."

"म्हणून तर तीच बोलतेय. दुसरं काही बोलले असते तर तुझा विश्वास बसला असता का?"

"आणि आलं वादळ तर?"

"तर अर्धी तुझी, अर्धी माझी. तुझी तू लिलावात घाल. माझ्या अर्ध्याचं मी काय करते, ते मात्र विचारायचं नाही."

त्यांनी दोन दिवस उपटली. शुक्रवारी वहिनीने शेताचा फोटो पाठवला: उघडे वाफे, विस्कटलेला पेंढा आणि वर निरभ्र आभाळ. फोटोखाली तिने काहीही लिहिलं नव्हतं. आ-लियानने तो फोटो दिवसभरात बऱ्याचदा उघडला. त्या दुपारी बाजारात श्ये आजोबांबरोबर एक तरुण आला आणि टेप काढून छताची लांबी मोजून गेला.

शनिवारी संध्याकाळी वादळाने वाट बदलली. रविवारी पहाटे ते यीलानच्या किनाऱ्यावर आलं.

सोमवारी बाजार बंद राहिला, मंगळवारीही. बुधवारी ताडपत्र्या पुन्हा बांधल्या गेल्या, गल्लीतला चिखल फावड्याने ओढला गेला. घाऊक बाजारात पातीचा भाव जिनाला साडेतीनशेवर गेला होता. एका जिनात दोन मुठींएवढी पात येते. पौर्णिमा जवळ आली होती. घराघरांत अंगणात शेगड्या पेटायच्या होत्या आणि पातीला गुंडाळलेलं मांस भाजल्याशिवाय तो सण होत नाही. पालेभाज्या महागल्याच होत्या. पातीबद्दल तर बोलायची सोय राहिली नव्हती.

गिम मावशीच्या फळीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा होता. अक्षर वळणदार, शाळेतल्या फळ्यावरचं: पात वर मिळणार नाही. क्षमस्व. चव्वेचाळीस वर्षांत तिच्या फळीवर पहिल्यांदाच काही लिहिलेलं आलं होतं. तिने तो पुठ्ठा थोडा तिरका ठेवला होता. आलेल्या माणसाला तो दिसावा, पण अगदी समोर येऊ नये, असा.

साडेसहाला भावाने पाठवलेला टेम्पो आला. आ-लियानने एकवीस क्रेट उतरवून घेतले. दोन पुढे ठेवले आणि त्यांच्यावरचं ओलं फडकं काढलं. पात कोवळी होती, बारीक, पांढरा भाग दुधासारखा. मग तिने ओल्या बोटाने पाटीवरची शेवटची ओळ पुसली. आता तिथे एवढंच उरलं: समोरच्यापेक्षा प्रत्येक वस्तू पाच युआन कमी.

झारा हातात घेऊन आ-तू धावत आला.

"विकतेस? कशी देणार? तीनशेला दे, मी आत्ता घेतो. तीनशे वीस!"

"विकायची नाही."

"मग काय पूजेला आणलीस?"

"वर द्यायची."

आ-तूने आधी क्रेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं बाई, हे विकलंस तर वर्षभर बसून खाशील."

"विकली तर एकदाच विकली जाईल," आ-लियान म्हणाली आणि तराजू पुसायला लागली.

पहिली बाई कारलं घ्यायला आली. एक कारलं. आ-लियानने ते पिशवीत घातलं आणि वर सहा काड्या खोचल्या. बाईने पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती घाबरली.

"अहो, ही माझी नाही."

"तुमचीच आहे. वर आहे."

बाईने इकडेतिकडे पाहिलं, पिशवीचं तोंड मुठीत घट्ट आवळलं आणि दहा पावलांवर जाऊन फोन काढला. ती दबक्या आवाजात बोलत होती, पण ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

साडेसातला रांग आ-तूच्या कढईपर्यंत गेली. आठला ती वळण घेऊन देवळाच्या पायऱ्यांवरच्या दगडी सिंहापाशी पोचली. बारीक पाऊस सुरू झाला. छत्र्या एकमेकींत अडकल्या, पण कुणी जागा सोडली नाही.

"पात आहे म्हणे?"

"वर आहे!"

"कशावर?"

"काहीही घ्या. मी लसणाचा एक गड्डा घेतला."

"एक गड्डा? लाज नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून आलंही घेतलं."

"माझी सून म्हणते, तिथे स्वस्तात देतात म्हणजे माल वाईट असणार."

"मग सुनेसाठी घेऊ नका. मागे सरका."

आ-तूने रांगेला शिव्या घालणं सोडून दिलं होतं. आता तो काडीला टोचलेले गोळे घेऊन रांगेतून फिरत होता आणि दुप्पट वेगाने विकत होता. आ-लियानचे हात थांबत नव्हते. बारा वर्षं चिरलेल्या भाजीचा सराव बोटांत होता: तराजू, पिशवी, सहा काड्या, दुमड, खोच. कोबी साडेआठला संपला. कारली, दुधी, वांगी नऊपर्यंत. तिने घाऊकवाल्याला फोन करून दुसरी खेप मागवली. असा फोन तिने पाच महिन्यांत कधी केला नव्हता.

नऊच्या सुमारास श्ये आजोबा काठी टेकत आले. ते रांगेच्या शेवटापाशी थांबले.

"कशाची रांग आहे?"

"भाजीची," कुणीतरी म्हणालं.

ते रांगेच्या कडेने सावकाश चालत गाळ्यापर्यंत आले. येताना माणसं मोजत आले असावेत; ओठ हलत होते. गाळ्यात शिरून त्यांनी हात वर केला आणि एका हुकाला बोट लावून तो झुलवला.

"त्या कव्हरवाल्याला फोन करतो," ते म्हणाले.

आ-लियानचा हात पिशवीत अर्ध्यावर थांबला. "काय सांगणार?"

"की हुक काढायचे नाहीत."

ते आले तसे निघून गेले. आ-लियानने पुढच्या गिऱ्हाइकाला सहाऐवजी दहा काड्या दिल्या आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. रांगेतल्या दुसऱ्या बाईच्या मात्र आलं.

"मलाही दहा! मी पण माणूसच आहे!"

रांग हसली. आ-लियानही हसली. पाच महिन्यांत तिला या गल्लीत मोठ्याने हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

मग तिने मान वर केली. समोर गिम मावशी फळी पुसत होती. सकाळपासून तिच्याकडे चार गिऱ्हाइकं आली होती आणि चारही तिच्याच वयाची. त्यांना रांगेत उभं राहणं जमण्यासारखं नव्हतं, किंवा मावशीला सोडणं. वेन बाई त्यांच्यात नव्हत्या. त्या रांगेत होत्या, छत्री जरा खाली धरून.

मावशीने फडकं पिळलं, वाळत घातलं. पदर खोचावा तसा तिने कमरेचा एप्रन आवळला, एक रिकामी पिशवी घेतली आणि गल्ली ओलांडली. रांग पाहताच ती वळली आणि पार मागे, दगडी सिंहापाशी, जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुम्ही पुढे जा ना."

"का? मी काय देवळातली मूर्ती आहे? रांगेने येते."

तिला पंचवीस मिनिटं लागली. तोवर तिच्या फळीवर कुणीही नव्हतं. मग ती आ-लियानसमोर आली.

"एक बटाटा," गिम मावशी म्हणाली.

आ-लियानने बटाटा तराजूत टाकला. तिचे बटाटे लाल मातीचे असत, दक्षिणेकडून येणारे. मावशीकडे काळ्या मातीचे.

"पंधरा."

"समोर वीसला आहे," मावशी म्हणाली. "बरं पडतं इथे."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मावशीने मोजून पंधरा युआन ठेवले आणि पिशवीचं तोंड रुंद करून धरलं. आ-लियानने सहा काड्या घेतल्या, दुमडल्या, खोचल्या.

मावशीने एक काडी वर काढून पाहिली. "पाणी झटकलं नाहीस. पिशवीत काळी पडेल संध्याकाळपर्यंत."

"बरं."

मावशी परत गेली. तिच्या फळीसमोर आता एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी मुळा आणि थोडं आलं घेतलं होतं. मावशीने आपल्या पिशवीतून तीन काड्या काढल्या, झटकल्या आणि त्यांनी पिशवी उघडायच्या आत त्यांच्या मुळ्याशेजारी खोचल्या. उरलेल्या तीन टोपलीत ठेवल्या. थोड्या वेळाने आलेल्या एका बाईला त्या दिल्या. मग तिने पिशवी उचलली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

तिसऱ्या खेपेला ते आ-तूच्या लक्षात आलं.

"अगं आ-लियान! ती तुझीच पात वाटतेय!"

रांगेत कुजबुज झाली. "हे काही बरोबर नाही हं, मावशी," एक बाई म्हणाली. "आम्ही पावसात उभे राहतो ते घरात खायला."

"काय बरोबर नाही?" दुसऱ्यांदा रांगेत लागलेल्या वेन बाईंनी छत्री वर केली. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "मी पाच महिने हेच करत होते. इथून कोबी, तिथून पात. तुम्हीही करत होतात, मिसेस लो. मी पाहिलंय."

मिसेस लोंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

आ-तू आ-लियानच्या कानाशी वाकला. त्याच्या अंगाला तेलाचा आणि माशाचा वास होता. "एकदा नाही म्हण," तो हळूच म्हणाला. "एका माणसाला एकदाच, असा नियम सांग. कुणी नाव ठेवणार नाही. आठवडाभरात म्हातारी फळी मिटेल. मग सगळी गल्ली तुझी."

सगळे आ-लियानकडे बघत होते. गिम मावशी मात्र बटाट्यांकडे बघत होती. एखादा बरा निवडावा तशी ती बोटाने एकेक फिरवत होती. तिचे केस भिजून कपाळाला चिकटले होते.

आ-लियानने पाटीकडे पाहिलं. पाऊस वाऱ्याबरोबर आत येत होता आणि खडूचं पांढरं खाली ओघळत होतं. पहिला शब्द अजून स्वच्छ वाचता येत होता: समोरच्यापेक्षा. तिने तो दोनदा वाचला.

मग तिने क्रेटमधून पात घेतली, जोरात झटकली. पाणी आ-तूच्या तोंडावर उडालं. गिम मावशीने पिशवी उघडायच्या आत तिने सहा काड्या दुमडून पुढे धरल्या.

"पंधरा," ती म्हणाली.

मावशीने पात घेतली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"सहा नको देऊस," ती म्हणाली. "चार दे. सहाची सवय लागली की गिऱ्हाईक पाचला रागावतं. मी तिथेच फसले."

"आणि तुम्हाला?"

"मला सहा दे. मी गिऱ्हाईक थोडीच आहे." पिशवी दंडाला अडकवून ती निघाली आणि दोन पावलांवरून वळली. "आणि मागायच्या आधी खोचायची. समोरचीने नुसतं बघत बसायचं नाही."

आ-तू बाहीने तोंड पुसत होता. "वेडी आहेस तू," तो म्हणाला. "दोघी वेड्या आहात."

रांग बारापर्यंत टिकली. दुसऱ्या खेपेचा मालही संपला. बारानंतर देवळातला ढोल वाजला, लोक पांगले, आ-लियानने रिकामे क्रेट एकात एक घातले. सातच उरले होते भरलेले. पौर्णिमेपर्यंत रोज एक, आणि एक जास्तीचा. हात पातीच्या वासाने भरले होते. लहानपणी तो वास जावा म्हणून ती मीठ चोळत असे. आज तिने हात नुसते एप्रनला पुसले. भावाचा मेसेज आला होता. त्याच्या अर्ध्या पातीला लिलावात मिळालेला भाव त्याने लिहिला होता, पुढे चार उद्गारचिन्हं. खाली वहिनीचं एक वाक्य होतं: पुढची लावणी तू करायची नाहीस हे आठवण म्हणून सांगते.

पाटी भिजून फिकट झाली होती. ती नव्याने लिहावी म्हणून आ-लियानने खडू घेतला आणि सवयीने आधी समोर पाहिलं.

गिम मावशीच्या फळीच्या कोपऱ्यात चार बटाटे रचून ठेवले होते, लाल मातीचे. सकाळपासून मावशी सात वेळा रांगेत उभी राहिली होती. म्हणजे तीन विकले गेले होते. रचलेल्या बटाट्यांना टेकवून सकाळचाच पुठ्ठा उभा होता, पण उलटा केलेला आणि आता अगदी समोर तोंड करून. त्याच्यावर मावशीच्या स्वतःच्या हातचा, मोठा, वाकडा आकडा होता: वीस.

आ-लियानने आपल्या टोपलीत उरलेल्या बटाट्यांकडे पाहिलं. पंधरा.

तिने खडू खाली ठेवला. पाटी अजून खरी होती.